पालक, शेंगदाणे आणि ‘रामाचं स्नान’: थायलंडची ही डिश घरच्या कढईत कशी जमवायची?

पालकाच्या पातळ भाजीत शेंगदाणे घालणाऱ्या घराला पालक आणि दाण्यांची जोडी नवीन नाही. बेळगावकडे शेंगा चटणीशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. हैदराबादच्या मराठी घरांत मिरची का सालनमध्ये दाणे, तीळ आणि खोबरं एकत्र वाटलं जातं. गोव्यात नारळाच्या रसाशिवाय कालवण होत नाही. एवढं सगळं ज्यांच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे, त्यांना थायलंडची एक प्रसिद्ध डिश करायला फार लांब जावं लागत नाही. उकळत्या पाण्यातून काढलेली पालेभाजी, तिच्यावर मांसाचे पातळ काप आणि वरून शेंगदाण्याचा दाट, आंबट-गोड-तिखट रस, अशी ही डिश.

मात्र घरी केल्यावर अनेकांचा अनुभव सारखाच असतो. रस फुटतो, पालकाला पाणी सुटतं, दाण्याच्या गुठळ्या होतात आणि महागडी पाकिटं वाया जातात. यातली प्रत्येक चूक टाळता येते. त्यासाठी मुळात ही डिश काय आहे आणि तिची कोणती पायरी कशासाठी असते, हे समजून घ्यायला हवं.

नावात राम कुठून आला?

थायलंडमध्ये या डिशला ‘फ्रा राम लोंग सोंग’ म्हणतात. ‘फ्रा राम’ म्हणजे प्रभू राम, आणि ‘लोंग सोंग’ म्हणजे पाण्यात उतरून स्नान करणं. ‘सोंग’ हा तिथे राजा, देव आणि भिक्षूंसाठी वापरायचा आदराचा शब्द आहे.

थायलंड बौद्धबहुल देश असला, तरी रामकथा तिथे घराघरांत माहीत आहे. ‘रामकियेन’ ही तिथली रामकथा. बँकॉकच्या राजवाड्यातल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत याच कथेची 178 भित्तिचित्रं आहेत. ‘खोन’ नावाच्या मुखवट्यांच्या नृत्यनाट्यात रामाचा रंग हिरवा, लक्ष्मणाचा सोनेरी आणि हनुमानाचा पांढरा असतो. त्यामुळे हिरवी भाजी म्हणजे राम, आणि ती रसात उतरते म्हणजे रामाचं स्नान, असा या नावाचा अर्थ लावला जातो. म्हणजे नावातला राम हा ताटातल्या हिरव्या भाजीचा आहे, मांसाचा त्याच्याशी संबंध नाही.

थायलंडमध्ये ही चिनी वंशाच्या थाई लोकांची डिश मानली जाते. तिथे ती पालकाऐवजी ‘पाक बुंग’ या भाजीवर वाढतात. पाक बुंग म्हणजे पाणथळ जागी येणारी पोकळ देठाची नाळीची भाजी. मांस बहुतेक वेळा डुकराचं असतं. अमेरिकेतल्या थाई हॉटेलांमध्ये नाळीच्या भाजीच्या जागी पालक आला आणि डुकराच्या जागी चिकन. आज घरोघरी केली जाते ती बहुधा हीच पालकाची आवृत्ती.

दाणे आणि मिरची, दोन्ही पाहुणे

शेंगदाण्याचा सॉस म्हणजेच थाई जेवण, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात तिथल्या रोजच्या जेवणात तो सगळीकडे नसतो. काडीवर भाजलेल्या साते या मांसाबरोबर तो हमखास असतो, आणि साते इंडोनेशिया-मलेशियाच्या बाजूने तिथे पोहोचलं. मस्समन करीत दाणे असतात, पाड थाईवर दाण्याचं भरड कूट घालतात. बाकी बऱ्याच पदार्थांत दाणा नसतोच.

शेंगदाणा आणि मिरची ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली पिकं. सोळाव्या शतकापासून युरोपीय जहाजांबरोबर ती आशियात पसरली. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1511 मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी त्यांचा दूत सयामची तेव्हाची राजधानी अयुथयाला पोहोचला. गोव्याचं कालवण आणि सयामची करी या दोन्हींत मिरची दिसते, त्यामागे समुद्रावरचा हाच व्यापार आहे.

काय विकत आणायचं, काय घरातच आहे?

थाई सामान म्हटलं की लोक मॉलकडे धावतात. पण यादी नीट पाहिली तर बरंचसं सामान घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

गवती चहा: ज्याला लेमनग्रास म्हणतात तो हाच. आपण चहात पाती घालतो, थाई वाटणात मात्र मुळाजवळचा जाड पांढरट भाग घेतात. कुंडीतला गवती चहा असेल तर बुंध्यापासून कापा.

गलांगल: आल्याच्या कुळातलं कंद, आपल्याकडचं कुलिंजन याच जातीचं. नाही मिळालं तर आलं चालतं, पण निम्मंच घ्या. आल्याचा वास लगेच पुढे येतो.

सुकी मिरची: थाई लाल वाटणाला रंग हवा असतो. ब्याडगी मिरची यासाठी उत्तम. तिखटपणासाठी दोन लवंगी मिरच्या पुरेत.

गूळ: थाई स्वयंपाकात ताडा-माडाचा गूळ असतो. गोव्यात माडाचा गूळ मिळतो, तो इथे अगदी चपखल बसतो. रंग थोडा काळपट येईल, एवढंच. नाहीतर साधा गूळ घ्या.

फिश सॉस: एवढी एक गोष्ट मात्र विकत आणावी लागेल. आणायची नसेल तर मीठ आणि थोडा सोया सॉस वापरा. चव थोडी बदलते, पण डिश बिघडत नाही.

नारळाचं दूध: गोवा-बेळगावकडे ताज्या नारळाचं काढा. इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्याला चांगला ओला नारळ मिळाला नाही तर 200 मिलिलिटरची दोन पाकिटं आणा.

चार माणसांसाठी प्रमाण

बिनहाडाचं चिकन 500 ग्रॅम, शक्यतो मांडीचं. पालकाच्या दोन मोठ्या जुड्या, निवडून साधारण 400 ग्रॅम. शेंगदाणे 100 ग्रॅम. नारळाचं दूध 400 मिलिलिटर. चिंचेचा दाट कोळ दीड मोठा चमचा, चिरलेला गूळ दोन मोठे चमचे, फिश सॉस दीड मोठा चमचा.

वाटणासाठी: सहा ब्याडगी आणि दोन लवंगी मिरच्या, बिया काढून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवलेल्या. सहा लसूण पाकळ्या, चार सांबार कांदे, गवती चहाचे दोन बुंधे, अर्धा इंच आलं, कोथिंबिरीची आठ-दहा देठं (मुळं मिळाली तर धुऊन तीही), अर्ध्या लिंबाची किसलेली हिरवी साल, एक लहान चमचा भाजलेले धणे, अर्धा चमचा जिरं आणि चिमूटभर मीठ. हे सगळं पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटायचं. गवती चहाचे धागे राहिले तर ते खाताना दातांत येतात, म्हणून तो आधी पातळ चिरून घ्या.

आधी दाणे

दाणे मंद आचेवर भाजा. मोठ्या आचेवर साल करपते आणि आत कच्चं राहतं. गार झाल्यावर साल काढा आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. उपासाच्या खिचडीला करतो त्याहून थोडं बारीक कूट हवं, पण तेल सुटून गोळा होता कामा नये. गोळा झालेलं कूट रसात टाकलं की गुठळ्या होतात. पीनट बटर वापरायचं असेल तर बिनसाखरेचं चार मोठे चमचे घ्या आणि आधी थोड्या गरम नारळाच्या दुधात सैल करा.

नारळाचं दूध फुटू द्यायचं की नाही?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आपल्याकडे नारळाचं दूध फुटलं की कालवण बिघडलं. थाई पद्धतीत मात्र सुरुवातीला ते मुद्दाम फुटू देतात. घट्ट दुधातली एक वाटी कढईत घेऊन मध्यम आचेवर आटवायची. पाणी उडालं की कडेने तेल दिसू लागतं, आणि त्याच तेलात वाटण परतायचं. मिरची, गवती चहा, लिंबाची साल यांचा वास तेलात उतरतो, पाण्यात तेवढा उतरत नाही. म्हणून ही पायरी गाळली तर रस फिका लागतो.

पाकिटातल्या दुधात ते फुटू नये म्हणून घटक घातलेले असतात. अर्धा तास ढवळत बसलं तरी तेल सुटत नाही. तेव्हा वाट पाहू नका, एक मोठा चमचा साधं तेल घालून त्यात वाटण परता.

वाटणाचा कच्चा वास गेला, रंग गडद झाला की उरलेलं दूध आणि अर्धी वाटी पाणी घाला. आता आच कमी. इथून पुढे खळाखळा उकळी नको.

मांस आणि रस

चिकनचे काप पातळ आणि धाग्यांच्या आडवे करा. आडवं कापलेलं मांस लवकर शिजतं आणि चिवट होत नाही. अर्धवट गोठलेलं असताना कापलं तर सुरी सरळ चालते. हे काप रसात सोडून मंद आचेवर सहा ते आठ मिनिटं शिजवा. आत गुलाबी राहता कामा नये. घरी स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर 74 अंश सेल्सिअस हा आकडा लक्षात ठेवा. गोव्यात किंवा बेळगावात डुकराचं मांस करणाऱ्यांनीही हीच पद्धत वापरावी, फक्त वेळ थोडा जास्त लागेल.

मग दाण्याचं कूट, गूळ, चिंच आणि फिश सॉस घाला. पाच मिनिटांत रस दाट होतो. चव इथे घ्यायची. आधी गोड, मग आंबट, शेवटी खारट आणि तिखट लागायला हवं. गूळ आणि चिंच थोडीथोडी घाला, कारण चिंचेचा आंबटपणा प्रत्येक वेळी वेगळा असतो. गार झाल्यावर रस आणखी घट्ट होतो, म्हणून थोडा सैल असतानाच उतरवा.

पालक शेवटी

पालक आधी करून ठेवला तर सगळं बिघडतं. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळलं की पालक 30 ते 40 सेकंदच बुडवा. लगेच गार पाण्यात टाका आणि दोन्ही हातांनी घट्ट पिळा. एवढा मोठा ढीग मूठभर होतो, घाबरू नका. न पिळलेल्या पालकाचं पाणी ताटात सुटतं आणि दाट रसाचं पिठलं होतं.

ताटात आधी गरम भात, शेजारी पालक, पालकावर चिकन आणि वरून रस. थायलंडमध्ये वर भाजक्या मिरचीची तेलातली चटणी घालतात. आपल्याकडे दोन थेंब मिरचीचं तेल पुरे.

शाकाहारी घरात

एकाच घरात मांसाहारी आणि शाकाहारी असतात, हे सगळीकडचं चित्र आहे. रस आधी मांसाशिवाय करून निम्मा बाजूला काढता येतो. त्यात तळलेला टोफू किंवा पनीर घाला. पण एक गोष्ट विसरू नका: बाजारातल्या तयार थाई लाल पेस्टमध्ये बऱ्याचदा सुक्या कोळंबीचा गोळा असतो. पाकिटावर हिरवं चिन्ह आहे का आणि घटकांत काय लिहिलंय, हे वाचूनच वापरा. फिश सॉस तर माशाचाच. घरी वाटण केलं आणि मीठ-सोया सॉस वापरला, तर ही शंकाच राहत नाही.

हे मात्र जपा

शेंगदाण्याची ॲलर्जी काहींना जिवावर बेतेल इतकी तीव्र असते. अशा माणसाला दाणे वेचून बाजूला काढून चालत नाही, चमच्याला लागलेला अंशही पुरतो. पाहुणे येणार असतील तर आधी विचारा. कोणाला त्रास असेल तर त्या दिवशी दुसरं काही करा.

दाणे निवडून घ्या. बुरशी आलेल्या, काळपट किंवा सुरकुतलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. मूठभर दाणे वाचवायच्या नादात पूर्ण घराला धोका नको. खवट वास आला तरी फेकून द्या.

मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, दाण्यांतही असतं. पालक उकळून पाणी फेकल्याने ते कमी होतं, पण संपत नाही.

उरलेला रस फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. गरम करताना अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर सैल करा. पालक मात्र दरवेळी ताजाच करा, त्याला मिनिटभराहून जास्त वेळ लागत नाही.