रिकाम्या जाळ्याची नोंद

ससून डॉकवर पहाटेच्या लिलावात उभं राहिलं की ट्रॉलरचा हिशेब आपोआप कळत जातो. डिझेल किती जळलं, बर्फ किती लागला, खलाशांचा वाटा किती आणि मासळी किती उतरली. ज्या पाण्यात काही लागणार नाही हे तांडेलाला ठाऊक असतं, तिथे तो जाळं टाकत नाही. टाकत राहिला तर पुढच्या फेरीला मालक दुसरा तांडेल बघेल. याच मुंबईत केंद्र सरकारची एक संस्था आहे. तिच्या जहाजांना आवडीचं पाणी निवडायची मुभा नसते. नकाशावर जो चौकोन ठरला असेल तिथे जायचं, ठरलेला वेळ जाळं ओढायचं आणि वर येईल ते लिहायचं. काहीच आलं नाही तर शून्य लिहायचं. संस्थेचं नाव भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण; बंदरावर सगळे तिला इंग्रजी आद्याक्षरांनी एफएसआयच म्हणतात.

संपादकांना खरं तर मासळीच्या भावांवर लेख हवा होता. पापलेट इतकं का महागलं, याचं उत्तर शोधत निघालं की वाट व्यापाऱ्याकडून बोटमालकाकडे, तिथून डिझेलकडे जाते आणि शेवटी एका साध्या प्रश्नापाशी येऊन थांबते: समुद्रात मासळी आहे तरी किती? बंदरावर उतरलेल्या मासळीचा अंदाज केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था बांधते. 1947 साली स्थापन झालेली ही संस्था निवडक बंदरांवर, निवडक दिवशी माणसं पाठवून नमुने घेते. पण तो आकडा माणसांनी किती पकडलं एवढंच सांगतो. बोटी वाढल्या, इंजिनं मोठी झाली, फेऱ्या लांबल्या की पाण्यातली मासळी घटत असतानाही बंदरावरचा ढीग वाढू शकतो. पाण्यात काय आहे हे पाण्यात जाऊनच, तेही फायद्याची आशा बाजूला ठेवून, बघावं लागतं.

अशा पाहणीचा इतिहास थोडक्यात असा. 1908-09 मध्ये 'गोल्डन क्राउन' या वाफेच्या ट्रॉलरने बंगालच्या उपसागराचा तळ धुंडाळला. 1921-22 मध्ये 'विल्यम कॅरिक' हे जहाज मुंबईजवळच्या पाण्यात फिरलं. दोन्ही खटाटोप टिकले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नाची टंचाई होती, लोकांच्या ताटात आणखी काही वाढायला हवं होतं. त्या गरजेतून 1946 साली मुंबईत 'डीप सी फिशिंग स्टेशन' उभं राहिलं. पुढे 1974 मध्ये त्याचा अन्वेषणात्मक मात्स्यिकी प्रकल्प झाला आणि 1983 मध्ये आजची संस्था. मुख्यालय मुंबईत, तळ मुरगावपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत.

त्या पहिल्या काळातल्या जहाजांची नावं मला फार आवडतात. 'मीना', 'अशोक', 'प्रताप' ही सरकारी. जपानी 'तायो मारू 17'. आणि खासगी कंपनीच्या जोड्या, 'सातपाटी' नि 'पिलोतान', 'अर्नाळा' नि 'पाज'. दोन जहाजांनी मिळून एकच जाळं ओढायचं, अशी ती पद्धत. 1949 ते 1955 या काळात या जहाजांनी मुंबई ते कच्छ काय आणलं, त्याचा अभ्यास 1959 मध्ये छापून आला. त्यातली मुख्य मासळी म्हणजे दाढा, कोत, घोळ, वाम. मोठ्या अंगाची, तळाशी राहणारी. आज बाजारात मोठी घोळ आली तर वर्तमानपत्रात बातमी होते. त्या तक्त्यांत ती नेहमीच्या रकान्यात आहे.

मला मात्र सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते खुद्द जाळ्याने. ट्रॉल म्हणजे तळावरून ओढायची मोठी निमुळती पिशवी. तिचं तोंड उघडं ठेवायचं कसं, हा मूळ पेच. पूर्वी तोंडाला आडवा वासा बांधत. वासा जेवढा लांब तेवढंच तोंड. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये वासा काढून दोन्ही बाजूंना एकेक जड फळी लावायची युक्ती निघाली. तिला ऑटर बोर्ड म्हणतात. जहाज पुढे ओढतं, फळी पाण्याला तिरकी धरलेली असते, आणि पतंग वाऱ्यावर जसा एका अंगाला कलून ताण घेतो तशी ती बाहेर पळू बघते. एक डावीकडे, एक उजवीकडे. त्या ओढाताणीत जाळ्याचं तोंड उघडतं. वरच्या दोराला तरंगते गोळे, खालच्या दोराला साखळी आणि वजनं. फळ्या तळ खरवडत जातात तेव्हा मागे गाळाचे ढग उठतात. मासे त्या ढगांना बिचकून मध्ये सरकतात आणि जाळ्याच्या वाटेत येतात. माशाच्या भीतीचा उपयोग करून घेणारं हे यंत्र आहे.

फळीचा कोन तिच्या साखळ्यांनी ठरतो. साखळीची एखादी कडी इकडची तिकडे झाली, जाळं ओढणारी तार एका बाजूला थोडी जास्त सुटली, की एक फळी आडवी पडते, तोंड मिटतं आणि जहाज तासभर एक मिटलेलं जाळं ओढत राहतं. वरून काही दिसत नाही. डेकवरचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, तारेवर हात ठेवतो. तळाशी फळी घासत असेल तर तार बारीक, एकसारखी थरथरते. चिखलात रुतली तर ती मुकी होते. खडकाला लागली तर धक्के येतात. प्रतिध्वनी यंत्राचा पडदा खोली दाखवतो, तळाचा कडकपणाही थोडाफार सांगतो, पण जाळं नीट चाललंय की नाही याचा पहिला साक्षीदार हा तळहात. अशा माणसांना शास्त्रीय लेखांत लेखकाचं नाव मिळत नाही. आकड्याचा खरेपणा मात्र आधी त्यांच्या हातून ठरतो.

तारही मोजूनच सोडायची असते: उथळ पाण्यात खोलीच्या पाचपट, खोल पाण्यात साधारण तिप्पट. कमी सुटली तर जाळं तळावरून उचललं जातं, जास्त सुटली तर चिखलात शिरतं. जाळं वर आलं की पिशवीच्या बुडाची सुटगाठ एका हिसक्याने उघडते आणि सगळा ऐवज डेकवर ओततो. मग पाट्या लागतात. ढोमा एकीकडे, राणी एकीकडे, बळा, म्हाकूळ, शिंगाळा, पाकट, कोळंबी. प्रत्येक जातीचं वजन, निवडक माशांची लांबी, पोट चिरून अंडाशयाची अवस्था, जठरात काय सापडलं ते. माशाच्या डोक्यात, आतल्या कानात, इवले खडे असतात. काही जातींत त्यांच्यावरच्या वलयांवरून वय काढता येतं. शेजारी नोंदीचा तक्ता: जाळं कुठे टाकलं, कुठे उचललं, खोली, वेळ, सोडलेली तार, तळाचा प्रकार, वारा, लाटा.

या तक्त्यातून समुद्राचा अंदाज कसा निघतो, तो हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. समजा वरचा दोर 34 मीटरचा आहे. पाण्यात तो कमानीसारखा वाकतो, म्हणून तोंडाची रुंदी निम्मी, 17 मीटर धरू. वेग 3 नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर. एका तासात जाळ्याने साधारण 9.4 हेक्टर तळ झाडला; एकरांत सांगायचं तर 23. सर्वेक्षणासाठी समुद्राचे जे छोटे चौकोन पाडतात, ते अक्षांश-रेखांशाच्या दहा-दहा मिनिटांचे. मुंबईच्या अक्षांशावर असा एक चौकोन सुमारे सव्वातीनशे चौरस किलोमीटरचा भरतो. म्हणजे एका ओढीत चौकोनाच्या 3,400 हिश्श्यांपैकी एक हिस्सा पाहिला. शिवाय वाटेत आलेले सगळेच मासे जाळ्यात शिरत नाहीत. काही वरून निसटतात, काही खालून, काही जाळीच्या आसांतून. किती निसटले याचा अंदाज धरावा लागतो, आणि तो अंदाज बदलला की समुद्रातल्या मासळीचा आकडा दुप्पट होऊ शकतो. 2018 मध्ये तज्ज्ञ समितीने भारताच्या सागरी हद्दीतून दर वर्षी 53.1 लाख टन मासळी काढता येईल असं सांगितलं. तो आकडा वर्तमानपत्रात एका ओळीत येतो. त्याच्या पोटात अशा किती ओढी आणि गृहीतकं असतील!

म्हणूनच शून्याची किंमत मोठी. शून्यालाही कारण असतं आणि ते शोधता येतं. 1959 मध्ये कार्ल बान्से यांनी नैर्ऋत्य किनाऱ्याबद्दल दाखवून दिलं की पावसाळ्यात खोल समुद्रातलं प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याजवळच्या तळावर चढून येतं, आणि तळाची मासळी तिथून हटते. तेव्हाच्या रिकाम्या ट्रॉलने ही गोष्ट पकडली. नफ्यासाठी फिरणारी बोट दोन ओढी रिकाम्या गेल्यावर निघून गेली असती आणि कारण तळाशीच राहिलं असतं.

आता काळजीचं. हे काम सुरू झालं ते मासळी शोधायला. जिथे सापडली तिथला नकाशा काढायचा आणि बोटवाल्यांना द्यायचा, हाच हेतू. राणी मासा खोल पाण्यात भरपूर आहे हे अशा ओढींनी दाखवलं, तेव्हा बाजारात त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. आज रत्नागिरीच्या सुरिमी, म्हणजे मासळीचा लगदा बनवणाऱ्या, कारखान्यांचा तो कच्चा माल आहे. नकाशाने कारखाना उभा केला, कारखान्याने बोटी वाढवल्या, आणि आता त्याच चौकोनात उरलंय किती हे मोजायची पाळी त्याच संस्थेवर आली आहे. हे मोजमाप लोकप्रिय होणारं नाही. नवं मैदान सापडल्याची बातमी सगळ्यांना हवी असते. घट झाल्याची ना मालकाला हवी असते, ना मंत्र्याला.

घट कशी होते याचं एक उदाहरण शिंगाळ्याचं. या जातींत नर मासा अंडी आणि पिल्लं तोंडात घेऊन फिरतो, तेवढा काळ उपाशी राहतो. 1980 च्या दशकात कर्नाटक किनाऱ्यावर वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांत असे तोंड भरलेले नर थव्याने सापडले. एका ओढीत दोन पिढ्या गेल्या. पुढे शिंगाळ्याची मासेमारी कोसळली. नंतर ट्रॉलमध्ये त्याच्या रकान्यात लहान आकडे यायला लागले की त्याचा अर्थ लागतो, पण रकाना आधीपासून भरत आला असेल तरच.

आणि तो भरत ठेवणं दिवसेंदिवस कठीण होत चाललंय. 1974 मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं. तेलफलाटांभोवती 500 मीटर सुरक्षा क्षेत्र असतं, तळावरून वाहिन्या गेलेल्या असतात. तिथे ट्रॉल ओढता येत नाही. त्या तळावर पूर्वी काय होतं हे जुन्या तक्त्यांत आहे, आता काय आहे हे याच पद्धतीने कळणार नाही. ट्रॉल तळ खरवडतो हा आक्षेपही खरा आहे. डोल जाळी लावणारे आमचे डोलकर वर्षानुवर्षं तेच सांगत आले आहेत, आणि 1981 च्या राज्याच्या सागरी मासेमारी नियमन कायद्यामागे किनाऱ्याजवळच्या पाण्यासाठी चाललेली तीच भांडणं होती. सर्वेक्षणाच्या तुरळक ओढी हजारो व्यापारी ट्रॉलर्सच्या तुलनेत नगण्य असल्या, तरी मोजण्यासाठी ओरखडा काढावा लागतो हे मला खटकतं. पाण्याखालचे कॅमेरे आणि ध्वनियंत्रं आहेत. पण आपल्या गढूळ किनारपट्टीत कॅमेऱ्याला हातभरावरचं दिसत नाही, आणि तळाला चिकटून राहिलेला मासा ध्वनियंत्राला तळापासून वेगळा ओळखू येत नाही.

सगळ्यात मोठी अडचण जहाज बदलण्याची. आकडे वर्षानुवर्षं जुळवायचे तर जाळं तेच हवं, आस त्याच मापाचे, वेग तोच, ओढीचा वेळ तोच. 'मत्स्य निरीक्षणी'सारखं जहाज एका पाण्यात वर्षानुवर्षं काम करतं, तेव्हा त्याच्या इंजिनाचा आवाज आणि त्याच्या फळ्यांची खोड त्या आकड्यांत मुरलेली असते. ते निवृत्त होऊन नवं, जास्त ताकदीचं आलं की पकड वाढते. मासळी वाढली की जहाज बदललं, हे कागदावरून सांगता येत नाही. त्यावर जगभर एकच खात्रीचा उपाय वापरतात. जुनं जहाज मोडीत काढण्याआधी दोन्ही जहाजांनी एका हंगामात शेजारी शेजारी, त्याच पाण्यात, त्याच वेळी जाळी ओढायची आणि दोघांच्या पकडीचं प्रमाण काढायचं. याला डिझेल दुप्पट लागतं, खलाशी दुप्पट लागतात, आणि त्यातून एकही नवं मैदान सापडत नाही. तरीही नव्या जहाजाची मागणी ज्या फाइलमध्ये जाते, त्याच फाइलमध्ये हा एक हंगाम मंजूर करून घ्यायला हवा. जुनं जहाज भंगारात गेलं की तो नंतर कितीही पैसे देऊन मिळणार नाही.