टाकीपाशी पोचेपर्यंत

पंपघरातल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट. वर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी, ६०० मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला, मोकळ्या तारांना मल्टिमीटर लावला तर तिथंही जवळजवळ तेवढेच. "मग बिघडलंय कुठं?" पाणी सोडणारे काका खालून फोनवर विचारतात. वायरमन उत्तर देत नाही. मीटरच्या पिना धरून ठेवत तो पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर जोडतो. आकडा घसरतो, सहाच्या आसपास थांबतो. सेन्सरचा दिवा लुकलुकतो नि विझतो.

मल्टिमीटर जवळजवळ करंटच ओढत नाही, त्यामुळे मोकळ्या तारेवर व्होल्टेज भरलेलं दिसतं. पडतं ते लोड आल्यावर. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ३६ ओहम. टाकी ६०० मीटरवर असली तरी करंटला जाऊन परत यायचं असतं, म्हणजे १२०० मीटर आणि ४३ ओहम. सेन्सर १५० मिलिअँपिअर ओढतो. गुणाकार केला की साडेसहा व्होल्ट वाटेतच संपतात. नवखा माणूस हमखास चुकतो तो याच परतीच्या वाटेत.

केबलही खरी तांब्याचीच हवी. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असा स्वस्त माल बाजारात मिळतो. त्याचा रोध दीडपटीहून जास्त भरतो. वायरमन म्हणूनच टोक सोलून चाकूनं खरवडून पाहतो. आत पांढरट निघालं तर बंडल परत.

जाड तार टाकली तर? अडीच चौरस मिलिमीटरची तार हा प्रश्न मिटवते, पण तांबं पाचपट लागतं. ग्रामपंचायतीला ते परवडत नाही.

त्यानं वेगळी वाट धरली. खाली दुसरी बॅटरी सिरीजमध्ये जोडून व्होल्टेज दुप्पट केलं आणि टाकीपाशी ते पुन्हा १२ वर आणणारा छोटा कन्व्हर्टर बसवला. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो आणि वाटेतली गळतीही उतरते. आता वर २१ च्या आसपास व्होल्ट पोचतात, सेन्सर निवांत चालतो.

त्याचं स्वतःचं मत मात्र वेगळं. त्याच्या मते इथं पहिल्यापासून दोन तारांचा, ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रेशर ट्रान्समीटर हवा होता. तारेवर एक व्होल्टसुद्धा पडला नसता. पातळीचा निरोपच करंटच्या रूपात येतो, त्यामुळे तार लांब असली तरी आकडा बदलत नाही. टाकी रिकामी असली तरी ४ मिलिअँपिअर वाहतातच. शून्य दिसलं तर समजायचं, कुणाच्या तरी नांगराचा फाळ केबलला लागला.

खाली पंपघरात डिस्प्लेवर २.८ मीटर उमटले. काकांनी आकडा वाचला, मान डोलावली आणि टाकीत डोकावायला टेकडी चढू लागले.