मुंबईतील मुक्काम : सवलतीआधी हिशेब

लोणारला रेल्वे नाही. मुंबईसाठी आधी जालना गाठावे लागते. त्यातही परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीसाठी जाणाऱ्या कुटुंबाचा मुक्काम किती दिवसांचा, हे निघताना ठरलेले नसते. म्हणूनच खोली घेताना केवळ सवलतीचा आकडा पाहून भागत नाही.

संकेतस्थळावर ठळक दिसणारे भाडे बहुधा एका खोलीचे, एका रात्रीचे व करावाचून असते. २,००० रुपयांच्या दोन खोल्या तीन रात्री घेतल्यास भाडे १२,००० रुपये होते. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो धरता १२,६०० रुपये. जादा अंथरुणाचे पैसे निराळे.

सर्वांत स्वस्त दराला पुष्कळदा ‘रद्द केल्यास परतावा नाही’ ही अट असते. अहवाल लांबून तारीख बदलली, की सारी बचत बुडते. अशा वेळी थोडे अधिक देऊन विनाशुल्क रद्द करता येणारी खोली घेणेच हिताचे. हॉटेलला दूरध्वनी करून थेट दर विचारावा. सूर्यास्तापूर्वी कंदमुळांवाचून भोजन मिळेल का, हेही विचारावे. दूर उपनगरातील स्वस्त खोली रुग्णाला लोकलच्या गर्दीत लोटते.

धर्मशाळांचाही विसर पडू नये. सी. पी. टँकची हिराबाग शेठ माणिकचंद हिराचंद यांनी वडिलांच्या स्मरणार्थ उभारली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा रुग्णांच्या आप्तांना आसरा देते. मात्र जागेची खात्री लोणार सोडण्यापूर्वीच करून घ्यावी.