कुत्र्याची जात आणि घरातील लहान मूल

टोबीतच्या पुस्तकात तरुण टोबिया देवदूत राफाएलसमवेत दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा घरचा कुत्राही त्याच्या मागोमाग निघतो आणि परततानाही सोबत असतो. संत जॉन बॉस्को यांच्या चरित्रात ‘ग्रीजो’ हा करड्या रंगाचा कुत्रा संकटसमयी त्यांचे रक्षण करताना दिसतो. अशा इमानी प्राण्याविषयी सावधगिरीच्या गोष्टी लिहिणे आम्हांस थोडे जड जाते. तथापि घरात तान्हे वा लहान मूल असेल, तर त्या लिहिल्याच पाहिजेत.

‘कोणती जात मुलांसाठी सुरक्षित?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींची विक्री व पैदास थांबवावी, असे परिपत्रक राज्यांना पाठविले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेतल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरविले. विज्ञानाचे उत्तर मात्र याहून निराळे आहे. अमेरिकेत १८,००० हून अधिक कुत्र्यांचा अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार कुत्र्याकुत्र्यांतील स्वभावभेदापैकी सुमारे ९ टक्केच भाग जातीमुळे स्पष्ट होतो. याचा अर्थ जात गौण आहे असा नव्हे. चावण्याची पाळी आलीच, तर रॉटवायलरच्या जबड्याने होणारी इजा पॉमेरेनियनच्या चाव्याहून कितीतरी भयंकर असते. पण ‘आमचा लॅब्राडोर आहे, तो काही करीत नाही,’ या भरवशावर मुलाला त्याच्यापाशी एकटे सोडणे, ही खरी चूक होय.

लहान मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा घरचा किंवा शेजारचा, ओळखीचाच असतो. मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाइतकी असल्याने जखम चेहरा, डोके वा मानेवर होते. मूल त्याला मिठी मारते, झोपेतून उठवते, जेवताना त्याच्या थाळीत हात घालते. कुत्रा आधी सूचना देत असतो. तो तोंड फिरवतो, जीभ ओठांवरून फिरवतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. मुलांना ही भाषा कळत नाही. दात विचकलेला कुत्रा ‘हसतो आहे’ असे अनेक लहान मुलांना वाटते, हे ब्रिटनमधील अभ्यासात आढळले आहे. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नये. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो, चावणे सोडीलच असे नाही.

आपल्या नाशिक परिसरातील वस्त्यांवर बिबट्याच्या भीतीने राखणीसाठी कुत्रे पाळतात. दिवसभर आखूड साखळीने बांधलेला, माणसांत न मिसळलेला हा कुत्रा कोणत्याही नामांकित जातीचा नसतो. पण रांगते मूल त्याच्या साखळीच्या टप्प्यात जाणे अत्यंत धोक्याचे. त्याची जागा मुलाच्या खेळण्याच्या अंगणापासून दूर, आडोशाला हवी.

दुसरा धोका रेबीजचा. फ्रान्समध्ये १८८५ साली लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या एका मुलाला यावरील लस प्रथम दिली. लस उपलब्ध असूनही आज मुले दगावतात, कारण एकदा लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. चावा असो, रक्त आलेला ओरखडा असो वा जखमेवर कुत्र्याने चाटलेले असो, ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. त्यावर हळद, चुना किंवा मिरचीपूड लावू नये. मग त्याच दिवशी शासकीय रुग्णालय गाठावे. तेथे पहिली मात्रा त्या दिवशी आणि पुढील मात्रा तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी त्वचेत देतात. जखम खोल वा रक्ताळलेली असल्यास तिच्यात इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्रा पिलू आहे किंवा घरचा आहे म्हणून थांबू नये.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. कुत्र्याची खोडी काढली म्हणून आईबाप रागावतील, या धास्तीने मूल ओरखडा लपवते. तेव्हा कुत्रा चावला किंवा नख लागले तर कोणी रागावणार नाही, हे मुलांना घरी व रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आधीच सांगून ठेवावे, आणि संध्याकाळी आंघोळ घालताना त्यांचे हातपाय एकदा न्याहाळावेत.