हात कशाला पुसता? : एका फसलेल्या प्रश्नावलीची गोष्ट

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये आम्हाला एक छोटं काम दिलं होतं. रोजच्या जगण्यातला एखादा साधा प्रश्न घ्यायचा आणि त्यावर दोन पानी सिनॉप्सिस लिहून आणायची. मी विषय घेतला : सार्वजनिक स्वच्छतागृहात हात धुतल्यावर ते कोरडे करण्यासाठी लोक कोणती पद्धत पसंत करतात? क्षेत्र म्हणून महाड आणि पोलादपूर लिहिलं. घर पोलादपूर तालुक्यात, मुंबई–गोवा महामार्गावरून एसटीनं येणंजाणं नेहमीचं. गावाकडे गेलो की फिल्डवर्क आपोआप होईल, असा माझा हिशेब.

प्रश्नावली एका रात्रीत झाली. मुख्य प्रश्न असा : ‘तुम्हाला खालीलपैकी काय अधिक आवडतं? कागदी टॉवेल, गरम हवेचं यंत्र, जोरदार झोताचं यंत्र, कापडी टॉवेल.’ हे चारही पर्याय मी परदेशी पेपरांतून जसेच्या तसे उचलले होते. गाईडना दाखवण्याआधी मामीला विचारून बघितलं. आम्ही दोघं महाडच्या अलीकडे, बस चहाला थांबते त्या हॉटेलात बसलो होतो. मामी नुकतीच हात धुऊन आली होती. म्हणाली, ‘कशाला काय हवंय? पदर आहे की!’

आता टिक कुठल्या चौकटीत करायची?

तुमच्यातले बरेच जण पेटची तयारी करत असतील, काहींची सिनॉप्सिस लिहून झालीही असेल. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो. विषय हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो, पण चूक जी झाली ती कुठल्याही विषयात होते.

आधी हे बघू, की हात कोरडे करणं एवढं महत्त्वाचं का आहे. आपण सगळे ‘साबण लावा, नीट धुवा’ एवढ्यावर थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेनं हात धुण्याच्या ज्या पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांत मात्र एकदाच वापरायच्या टॉवेलनं हात पूर्ण कोरडे करणं हीसुद्धा एक पायरी आहे, आणि ती धरून सगळ्याला 40 ते 60 सेकंद लागतात. कारण सोपं आहे : ओल्या त्वचेवरून जंतू दुसऱ्या वस्तूवर सहज जातात. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी 1997 साली हे मोजून दाखवलं. हातावर जेवढा ओलावा शिल्लक, तेवढे जास्त जंतू त्वचेवर, खाण्यावर आणि भांड्यांवर उतरतात. ओल उतरत गेली की हे प्रमाण झपाट्यानं खाली येतं. म्हणजे धुतलेल्या पण ओल्या हातानं वडापाव उचलला, तर धुण्याची अर्धी मेहनत पाण्यात. आपल्याकडे जेवण हातानंच होतं, तेव्हा हा प्रश्न लंडनपेक्षा महाडमध्ये जास्त जवळचा आहे. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातली हात धुण्याची जागा बघितली जाते, पाणी आणि साबण आहे का ते नोंदवलं जातं. हात कशाला पुसले, हे नोंदवलं जात नाही.

मग कोणती पद्धत चांगली? इथं वाङ्मय वाचताना मजा येते आणि डोकंही दुखतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2000 साली 100 जणांवर चार पद्धती ताडून बघितल्या : कापडी टॉवेल, कागदी टॉवेल, गरम हवा आणि नुसतंच वाळू देणं. हातावर उरलेल्या जंतूंमध्ये दखल घ्यावी असा फरक सापडला नाही. पुढे 2012 मध्ये त्याच संस्थेच्या नियतकालिकात 12 अभ्यासांचा आढावा आला, आणि त्याचा कौल कागदाच्या बाजूनं होता. 2014 मध्ये लीड्सच्या गटानं दाखवलं, की जोरदार झोताच्या यंत्राभोवतीच्या हवेत जंतूंचं प्रमाण कागदी टॉवेलच्या 27 पट असतं. 2016 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठातल्या दोघांनी विषाणू वापरून तोच प्रयोग केला, तर आकडा 1300 पटींवर गेला!

हा 1300 चा आकडा वर्तमानपत्रांत खूप गाजला. सिनॉप्सिसच्या पहिल्याच परिच्छेदात तो घालायचा मोह मलाही झाला. पण पद्धतीचा भाग वाचा. त्यात हातमोजे घातलेले हात विषाणू असलेल्या द्रवात बुडवून, न धुता, यंत्रात घातले होते. असं यंत्र बनवणाऱ्या डायसन कंपनीनं नेमका यावरच आक्षेप घेतला. आता कंपनी आक्षेप घेणारच, हे खरं. तरी आक्षेपात तथ्य आहे : नीट धुतलेल्या हातावर एवढे विषाणू नसतात. दुसऱ्या बाजूनं लीड्सच्या 2014 च्या अभ्यासाला पैसा युरोपातल्या टिश्यू कागद उत्पादकांच्या संघटनेचा होता. आणि झोताच्या यंत्राला अनुकूल निष्कर्ष देणारा ब्रॅडफर्डचा 2011 चा अभ्यास डायसनच्या पैशावर झाला होता. ज्याच्या हाती ससा तो पारधी, म्हणावं तसं. यावरून हे सगळे पेपर खोटे ठरत नाहीत, माप चुकीचं असंही नाही. पण कोणतं माप घ्यायचं, हे ठरवतानाच कल दिसतो. कागदवाले विचारतात, ‘आजूबाजूला किती उडालं?’ यंत्रवाले विचारतात, ‘हात किती लवकर कोरडा झाला?’ दोघांची उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. पेपर वाचताना निधी कुणाचा आणि मोजलं काय, या दोन ओळी आधी शोधायची सवय मला या विषयानं लावली.

परत माझ्या प्रश्नावलीकडे येतो. गाईडनी ती वाचली आणि एकच विचारलं, ‘पोलादपूर स्टँडवर यातल्या किती गोष्टी आहेत?’ मी गप्प. ज्या चार वस्तूंमधून निवड करा म्हणून मी विचारणार होतो, त्या चारही एकत्र कुठेच नव्हत्या. बऱ्याच ठिकाणी एकही नव्हती. मग ‘आवडतं’ याचा अर्थ काय?

इथं थोडं अर्थशास्त्र लागतं. पॉल सॅम्युअलसननं 1938 साली म्हटलं, की लोकांना काय आवडतं हे विचारत बसू नका, ते काय निवडतात ते बघा. निवडीतून आवड उघड होते. कल्पना छान, पण तिला एक अट आहे : समोर खरोखर पर्याय हवेत. मामी पदराला हात पुसते याचा अर्थ तिनं कागद नाकारला, असा होत नाही. दुसरीकडे विचारूनही खरं कळेल असं नाही. यॉन एल्स्टर या नॉर्वेच्या विचारवंताचं 1983 चं पुस्तक आहे, त्याच्या नावातच आपल्या कोल्ह्याची आंबट द्राक्षं आहेत. त्याचं म्हणणं, जे मिळत नाही ते नकोच होतं, असं मन स्वतःला पटवतं आणि आवडच मिळकतीच्या मापाची होऊन जाते. ‘पदर आहे की’ यात हे किती आणि पदर खरंच सोयीचा किती, हे एका टिकेत कळणार नाही. अमर्त्य सेन यांनी गरिबी आणि स्त्रियांच्या बाबतीत हाच इशारा पुन्हा पुन्हा दिला आहे : तक्रार नाही म्हणजे गरज नाही, असं समजू नका.

दुसरी चूक त्याहून साधी होती, आणि ती आपल्याकडच्या माणसाला तर दिसायलाच हवी होती. मी ‘स्वच्छतागृह’ लिहिलं होतं. परदेशात बेसिन स्वच्छतागृहाच्या आत असतं. आपल्या महामार्गावरच्या हॉटेलात ते बहुतेक वेळा बाहेर, जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात असतं. हात धुण्याची मुख्य वेळ जेवणाच्या आधी आणि नंतर. शेजारी खिळ्याला एक टॉवेल टांगलेला असतो, सकाळी कोरडा आणि दुपारपर्यंत पिळून काढावा असा. कुठे वर्तमानपत्राचे कापलेले चौकोन तारेला ओवलेले. बाकी माणसं आपापली सोय घेऊनच येतात : रुमाल, खांद्यावरचा पंचा, ओढणी, पदर, पँटची मागची बाजू, केस. आणि दोन झटके मारून तसंच पुढे जाणं. यातली एकही गोष्ट माझ्या चार पर्यायांत धड बसत नव्हती. टांगलेल्या टॉवेलला ‘कापडी टॉवेल’ म्हणता येईल, पण पेपरांतला कापडी टॉवेल गुंडाळीवरून दर वेळी नवा निघणारा असतो. नाव तेच, वस्तू वेगळी.

बेसिन बाहेर असण्याचा एक फायदाही आहे. स्वच्छतागृहात निरीक्षण करणं नैतिकतेच्या समितीत टिकणार नाही, आणि टिकूही नये. हॉलमधल्या बेसिनपाशी काय चालतं ते चहा पीत बघता येतं, कुणाचं नाव किंवा फोटो न घेता नोंद करता येते. मात्र कुणी बघतंय हे कळलं की माणूस बदलतो. बांगलादेशाच्या खेड्यांत संशोधकांनी साबणाच्या वडीत हालचाल टिपणारा सेन्सर बसवला होता. निरीक्षक घरी बसला त्या दिवशी साबणाची हालचाल सुमारे 35 टक्क्यांनी वाढली. म्हणून वही मांडीवर उघडून बेसिनसमोर बसायचं नाही, एवढं तरी मी शिकलो.

पावसाळ्याचं एक गृहीतक होतं, तेही पडलं. महाड-पोलादपूरकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. मी लिहून टाकलं होतं, ‘दमट हवेमुळे कोकणात हवेची यंत्रं निरुपयोगी.’ ऐकायला बरोबर वाटतं. पण हिशेब करून बघा. 27 अंश तापमानाची, 90 टक्के आर्द्रतेची हवा यंत्रानं 50 अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण 26 टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण गरम हवेची वाफ सामावून घेण्याची क्षमता कितीतरी जास्त. झोताचं यंत्र तर वाफ करतच नाही, पाणी ढकलून काढतं. म्हणजे दमटपणा यंत्राला फारसा नडत नाही. तो नडतो नुसतं वाळू देणाऱ्याला, आणि त्याहून जास्त खिशातल्या रुमालाला. जुलैत सकाळी भिजलेला रुमाल संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो, आणि आपण तोच दिवसभर वापरतो. यंत्राच्या अडचणी वेगळ्या आहेत : वीज जाणं, आणि वेळ. गरम हवेच्या साध्या यंत्राखाली हात नीट कोरडा व्हायला 40-45 सेकंद लागतात. कंडक्टरनं घंटी मारल्यावर तेवढं कोण थांबतं?

एक मुद्दा मी सिनॉप्सिसमध्ये घालावा की नाही, यावर बराच अडलो. खिळ्यावरचा टॉवेल नको म्हणणाऱ्याला कारण विचारलं, तर उत्तर येतं, ‘घाण असतो.’ हे घाण म्हणजे जंतू, ओल, वास, की ‘कुणी वापरला असेल कुणास ठाऊक’? शेवटचं वाक्य महाडमध्ये साधं नाही. सार्वजनिक तळ्याचं पाणी सगळ्यांना घेता यावं म्हणून 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो याच गावातल्या चवदार तळ्यावर. कायदा बदलला तरी परक्याच्या स्पर्शाची किळस कधी स्वच्छतेच्या भाषेत बोलते, आणि ‘अस्वच्छ वाटतो’ अशी चौकट दिली की दोन्ही गोष्टी तिच्यात मिसळून जातात. गाईड म्हणाल्या, घाल, पण टिक करायचा प्रश्न म्हणून नको, मुलाखतीत सावकाश विचार.

सिनॉप्सिस तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा शीर्षकातून ‘पसंती’ हा शब्द गेला. आता पहिला भाग फक्त नोंदींचा आहे : बेसिन कुठे, पाणी-साबण आहे का, पुसायला काय ठेवलंय, वीज आहे का. दुसरा भाग निरीक्षणाचा. ‘आवडतं का’ हा प्रश्न तिसऱ्या भागात, तोही अशाच ठिकाणी जिथं निदान दोन सोयी शेजारी-शेजारी आहेत. बायकांसाठी वेगळा मुलाखतीचा भाग ठेवला आहे, कारण स्टँडवर हात धुवायला जावं की नाही, हेच अनेकींनी आधी घरून ठरवलेलं असतं.

मामीला नवी प्रश्नावली वाचून दाखवली. पहिला प्रश्न होता, ‘हात धुतल्यावर तुम्ही काय करता?’ आणि खाली उत्तरासाठी नुसती मोकळी रेघ. ती म्हणाली, ‘पदराला पुसते, पण सणाची साडी असली की झटकते.’ हे मला सुचलं नव्हतं. रेघ जरा लांब केली आहे.