डोक्यातला समुद्रघोडा

ये गं चिमे, बस अशी. समोरचे काका रोज तुझं नाव विचारतात, म्हणून रुसलीस ना? आज तुला समुद्रघोड्याची गोष्ट सांगतो.

कानाच्या जरा वर बोट ठेव. तिथून आत खोलवर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन समुद्रघोडे तुझ्या डोक्यात आहेत. इटलीतल्या आरांझियो नावाच्या वैद्याला मेंदूतला हा बाकदार भाग समुद्रघोड्यासारखा दिसला. 1587 साली त्याने नाव दिलं, हिप्पोकॅम्पस. काल आत्याने काय आणलं होतं? चिरोटे! बघ, नुसते चिरोटे नाही आठवले. पाऊस, ओली छत्री, आत्याची पिशवी, सगळं ओवल्यासारखं एकदम आलं. या ओवण्यात समुद्रघोड्याचा मोठा हात.

काकांना स्किझोफ्रेनिया आहे. या आजारात कुणी नसताना आवाज ऐकू येतात, हे लोकांना ठाऊक असतं. स्मरणही दुबळं होतं, ते कुणाला दिसत नाही. ‘लक्षच देत नाही’ म्हणून मोकळे होतात. मला याचं फार वाईट वाटतं गं.

पण आत डोकावायची युक्ती माणसाने काढली. मेंदूचा जो भाग राबतो, तिकडे रक्त जास्त धावतं. त्या रक्तात किंचित किरणोत्सारी ऑक्सिजन पोचवायचा. दर दोन मिनिटांनी तो निम्मा उरतो, आणि विरणाऱ्या एकेका अणूपायी दोन किरण एकमेकांच्या उलट दिशांना सुटतात. डोक्याभोवतीचं कडं ते टिपतं. हा पेट स्कॅन. केवढी नवलाची गोष्ट!

अमेरिकेत स्टेफान हेकर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना आधी काही शब्द दाखवले, मग स्कॅन चालू असताना ते आठवायला सांगितले. 1998 साली निष्कर्ष छापून आले. शब्द कच्चे ठसलेले असले, की रुग्णांच्याही कपाळामागचा भाग जोराने कामाला लागत होता. कसूर तिथे नव्हती. पण शब्द आठवताना इतरांचा समुद्रघोडा जसा उसळतो, तसा त्यांचा उसळत नव्हता. दोर ओढणारे हात घामाघूम, आणि पोहरा रिकामा.

आणि तो झोपलेलाही नव्हता हं. पुढे अनेक तपासण्यांत दिसलं, की या आजारात माणूस स्वस्थ बसला असतानाही समुद्रघोडा जास्तच धडपडत असतो.

तुझं नाव विचारण्याआधी काका क्षणभर थांबतात, कपाळाला आठ्या पडतात, पाहिलंस? तेव्हा ते तुझं नाव शोधत असतात.