आरसीत एक, गाडीत दुसरंच

1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूरच्या नव्या गाड्यांवर ‘सीजी 04’ आलं. नव्या पाट्यांचं कौतुक झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोटर वाहन कायद्याचं कलम 52 कडक झालं होतं, त्याची मात्र फारशी चर्चा नव्हती. आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही, असं ते कलम सांगतं. गॅस किटला तेवढी अटींसह मोकळीक.

किटचीच खरी गंमत. घरगुती सिलिंडरवर पळणाऱ्या मारुती व्हॅन तेव्हा सर्रास दिसत. 2001 च्या आदेशाने गाडीतल्या एलपीजीला रीतसर वाट मिळाली, आणि जुलै 2002 च्या मोटर टॅरिफने विम्यात त्याचा भाव ठरवला: किटच्या किमतीच्या 4 टक्के, वर थर्ड पार्टीसाठी 60 रुपये. म्हणजे 20,000 च्या किटला वर्षाला 860. तेवढ्यासाठी लोक किट लपवत, आणि पुढे गाडी पेटली की क्लेम अडकून बसे. वेगळ्या बसवलेल्या म्युझिक सिस्टिमलाही तोच 4 टक्क्यांचा हिशेब.

तेव्हा निदान विचारणारं कुणी होतं. रायपूरच्या तात्यापारा, बूढापाऱ्यातल्या मराठी घरांत एजंट ओळखीचाच, फॉर्म भरताना तो विचारायचाच, “काका, गाडीत नवीन काय बसवलंय?” 1 जानेवारी 2007 ला गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले, आणि बोलणं डिस्काउंट, नो क्लेम बोनसवर गेलं. पुढे ऑनलाइन रिन्यूअल आलं, एजंटचं येणं थांबलं.

2019 ने मात्र दोनदा दणका दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या मूळ रचनेतल्या फेरफारांना नकार दिला. सप्टेंबरपासून मोटर वाहन कायद्याचं कलम 182ए लागू झालं, दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

तरी गोंधळ आहेच. क्लच प्लेट, ब्रेक पॅड जसेच्या तसे बदलले तर कंपनीला कळवायची गरज नाही. अलॉय व्हील, फॉग लॅम्प कळवावेत. पॉलिसीत किंमत नोंदलेली नसेल तर सर्व्हेअर एस्टिमेटमधून त्या ओळी बिनदिक्कत खोडतो. इंजिन बदललं तर आधी आरटीओ, मग विमा कंपनीचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली बदलाची नोंद. एंडोर्समेंटचं काम एका ईमेलने सुरू होतं. रिन्यूअलच्या पडद्यावर ‘अ‍ॅक्सेसरीज’चा चौकोन असतो खरा, पण त्यात बहुधा शून्य आधीच भरलेलं असतं, आणि आपण ‘पुढे’ दाबून मोकळे होतो.